खोलीतलं काहीही चालेल

"थोडा वेळ आहे का तुमच्याकडे?"

तिनं विचारलं तेव्हा तो डोळ्यांच्या दवाखान्याबाहेर बाकावर पेंगत होता. आत त्याच्या वडिलांचे डोळे तपासत होते. समोरच्या दारामागे तिची प्रयोगशाळा. अडचणीतून माणसं वाट कशी काढतात, याचा ती अभ्यास करायची, आणि आज प्रयोगासाठी येणारा माणूस ऐनवेळी आलाच नव्हता.

"वेळ भरपूर आहे," तो डोळे चोळत म्हणाला. "डोकं मात्र बेताचंच..."

"बेताचंच हवंय."

तो हसला. तिनं उगाचच केस कानामागे सारले.

खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर दोन दोऱ्या होत्या. दोन्ही एकाच वेळी ओढून धरल्या की मधला दिवा लागायचा. पण एकट्याचे हात दोन्हीकडे पोचत नसत. कोपऱ्यात एक खुर्ची होती; ती एका दोरीला टांगली की वजनानं दोरी ओढलेली राही आणि काम होई. पण खुर्ची दिसली की लोकांना बसणंच सुचे.

"खोलीतलं काहीही वापरा," ती म्हणाली.

तो वाद्यं दुरुस्त करायचा. त्यानं दोरी बोटांनी हलकेच छेडली, इकडेतिकडे पाहिलं... मग तिच्याकडे.

"काहीही?"

"काहीही."

"मग जरा ती दोरी धरता?"

इतकी माणसं येऊन गेली, पण खोलीत तीही आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं दोरी ओढली. त्यानंही. दोघांच्या मधोमध दिवा लागला आणि कितीतरी वेळ कुणीच दोरी सोडली नाही.

"हे उत्तर मला धरता येणार नाही," ती कशीबशी म्हणाली.

"आत्ता तर धरलंत."

मग दर आठवड्याला वडिलांना आत सोडून तो तिच्या दाराशी येऊ लागला. ती मात्र सावध होती. मागे एकदा पहिल्याच भेटीत माणूस ओळखला असं वाटून तिनं होकार दिला होता, आणि ठरलेलं लग्न मोडलं होतं. आता ती मुद्दामच त्याच्यात खोट शोधायची... आणि घरी जाताना स्वतःशीच हसायची.

वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि एके दिवशी डोळ्यावरची पट्टीही निघाली. "आता येणं नाही," तो म्हणाला. ती नुसतंच "बरं" म्हणाली.

पुढच्या आठवड्यात बाहेर भुरभुर पाऊस होता. तिचं कशात लक्ष नव्हतं. दार वाजलं. ओल्या केसांनी तो एकटाच उभा.

"वडील?"

"घरी. ठणठणीत."

"मग... तुम्ही?"

"वाटभर कारण शोधत आलो. एकही धड सापडलं नाही."

"माणसं आधी ठरवतात," ती खाली बघत म्हणाली, "कारणं मागून जोडतात."

"माझं तर ठरलंय," तो हळूच म्हणाला. "तुमचं?"

तिनं वर पाहिलं. "इतके दिवस तुमच्यात खोट शोधतेय मी."

"सापडली?"

"एक सापडली... हे अहो-जाहो काही सुटत नाही तुमचं."

तो गोंधळला. मग कानापर्यंत लाल झाला.

"बरं..." त्यानं हात पुढे केला. "येतेस?"

कुठे, हे तिनं विचारलंच नाही.