सेनापतीच्या खाटेभोवती

फ्रेमवाल्याकडे ताईनं दिलेलं चित्र आणायला मी निघाले, तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. ताई चित्रकला शिकवायची. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं ते जुनं चित्र तिनं वर्गासाठी घेतलं होतं. वर्ग सुरू होईतो घरी राहू दे म्हणून भाऊजींच्या पलंगासमोर टांगलं. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, पोटाच्या ऑपरेशननंतर पडून होते.

"बघ," ताई म्हणाली, "खाटेवर सेनापती मरतोय. खिडकीतला उजेड नेमका त्याच्या तोंडावर. पायाशी बायको, तोंड झाकून. उशाशी हा शिपाई हात उंच करून शपथ घेतोय, बाकीचे दारात दाटलेत. एकीकडे रडणं, एकीकडे कर्तव्य. आणि कुठलीही रेष धर, ती शेवटी त्याच्याकडेच नेते."

"अंगावर येतं गं."

"येऊ दे," भाऊजी हसले. "मला तेवढीच सोबत."

त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. दुपारी डॉक्टर आले. मी पाणी घेऊन दारात पोचले आणि तिथेच थिजले.

सलाईनची बाटली टांगायला डॉक्टरांनी हात उंच केला होता. ताई पायाशी बसली होती, तोंड ओंजळीत लपवून. भाऊजींचा एक हात पलंगाखाली लोंबत होता. उजेड होता तो फक्त त्यांच्या तोंडावर. बाकी खोली करड्या रेघांनी भरल्यासारखी... कुणीच हलत नव्हतं. सलाईनचा थेंबसुद्धा अधांतरी थांबलेला. आणि औषधांऐवजी वास येत होता ओल्या शाईचा.

"ताई... हात काढ गं तोंडावरचे..."

"निघत नाहीयेत..." ओंजळीमागून आवाज आला.

भाऊजींची छाती खाली गेली, ती वर येईना. मी हातातला तांब्या टाकला, धावले आणि खिडकीचा पडदा खसकन ओढला. अंधार झाला. डॉक्टरांचा हात धपकन खाली आला. ताईनं हंबरडा फोडला. आणि बुडता माणूस पाण्यावर यावा तसा भाऊजींनी श्वास घेतला.

डॉक्टरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. चित्र ताईनं स्वतःच्या हातानं जाळलं. भाऊजी हळूहळू खडखडीत बरे झाले.

पहिल्यांदा कामावर निघाले, त्या सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता ते मला म्हणाले, "त्या दिवशी पडदा कशाला ओढलास? बाकीचे अजून आत यायचे होते."

"कोण बाकीचे?"

त्यांनी जिन्याकडे पाहिलं.

"घाबरू नकोस... त्यांना मी खालीच थांबायला सांगितलंय."