दिवे घालवण्याआधीची हाक

ही घटना खरी आहे. मिलोय्काने ती सांगितली... भीतीने नव्हे, संतापाने.

स्लोव्हेनियातलं कार्स्टचं पठार. सर्व संतांच्या सणाचा दुसरा दिवस. दुपार कलली होती. कबरींवरच्या मेणबत्त्या अजून तेवत होत्या. वर बुर्या नावाचा तिथला बोचरा वारा छपरांवरचे दगड हलवत होता. खाली, चुनखडीच्या गुहेत, झुळूकही नव्हती.

मिलोय्का तिथे प्रवाशांना गुहा दाखवते. तिचा बाप चिरील आयुष्यभर तेच करत आला होता. तिथला जुना दंडक असा, की दिवे घालवण्याआधी शेवटच्या माणसाने मोठ्या दालनात उभं राहून हाक मारायची, "कोणी राहिलंय का?" प्रतिध्वनी विरेपर्यंत थांबायचं. मगच दार लावायचं.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी व्यवस्थापक रादिवोयने दार लावलं. सकाळी चिरील दाराच्या आतल्या बाजूला सापडला.

गारठून मेलेला. बोटांची सालं निघालेली.

"मी हाक मारली होती," रादिवोयने सांगितलं. "म्हातारा प्यायलेला असणार."

चिरील दारूच्या थेंबाला शिवत नसे. गावाला ते ठाऊक होतं. पण गावाचं पोट त्याच गुहेवर होतं. गाव गप्प बसलं. मिलोय्काने नोकरी सोडली नाही. तिला खरं काय ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

सणाच्या त्या दुपारी रादिवोय नवे रंगीत दिवे पाहायला खाली उतरला. प्रवासी वर गेले होते. मिलोय्काने हाक मारायला तोंडाशी हात नेले.

"पुरे गं तुझी नाटकं," तो हसला. "दगडं काय उत्तर देणार? चल, माझं कोबीचं सूप निवतंय."

"मग आज तुम्हीच मारा हाक, साहेब. त्या दिवशी मारली होतीत ना? सवय असेल."

"जीभ फार चालते तुझी."

"बापाची बंद पडली. दोघांचं मलाच बोलावं लागतं."

तो भडकला. मान वर करून ओरडला, "कोणी राहिलंय का?"

प्रतिध्वनी यायला हवा होता.

आला नाही.

छतावरून ठिबकणारं पाणीही थांबलं...

मग दालनाच्या अंधाऱ्या टोकाकडून, अगदी शांतपणे...

"आज विचारतोस?"

रादिवोय गुडघ्यांवर कोसळला. "चिरीलकाका! नाही मारली मी हाक! पाहुणे वर खोळंबले होते, घाई होती... मागाहून खोटं बोललो. माफ करा मला!"

मिलोय्काने त्याची कॉलर धरली. "हेच बोलायचं. वर, सगळ्यांसमोर."

तो बोलला. गावच्या खाणावळीत, भरल्या टेबलांपुढे, रडत रडत.

गाव आता म्हणतं, चिरीलने स्वतःचा न्याय स्वतः मिळवला. मिलोय्का त्यावर हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

बापाचा आवाज तिच्या जन्माच्या ओळखीचा.

तो आवाज त्याचा नव्हता.

मग आत आणखी कोण राहिलंय? याआधी कोणाच्या वेळी, कोणाला घाई होती?

ती गावातल्या एकेका म्हाताऱ्याच्या दारात जाऊन हेच विचारते.

आजवर एकानेही तिच्या डोळ्याला डोळा भिडवलेला नाही...