भिंगरीच्या कपाळावरचा हात

विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझ्या धाकट्या बहिणीला साधी थाप पचवता येत नाही. एवढं रचून सांगणं तिला बापजन्मी जमायचं नाही. आणि बाप आमचा एकच, तेव्हा मला माहीत.

रात्रसुद्धा नव्हती. भर दुपार. इस्पितळाच्या तळघरातली तिची बिनखिडकीची खोली.

लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठी मोजायच्या, हे तिचं काम. एमआरआयची चित्रं संगणकात घालायची. प्रोग्राम कवटी, कातडी वगळतो आणि गाठीचं माप काढतो.

त्या दिवशी भिंगरीची चित्रं होती. वय पाच. एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून हे नाव.

"चारला मीटिंग," मोठे डॉक्टर बजावून गेले. "गाठ वाढली असेल तर हे औषध बंद. आणि दुसरं आपल्याकडे नाही."

प्रोग्राम म्हणाला, वाढली. दुप्पट.

बहिणीनं चित्र उघडलं. गाठ तर आक्रसलेली दिसत होती. मग हे जास्तीचं काय मोजलं मेल्यानं?

कपाळाच्या बाहेर... चार फिकट पट्टे.

बोटं.

तिनं स्कॅनच्या खोलीत फोन लावला. "दादा, स्कॅनला आईला आत घेतलं होतं का? हात आलाय चित्रात."

"आई माझ्या शेजारी बाहेर होती, ताई. आणि डोक्याभोवतीच्या त्या पिंजऱ्यात पोस्टकार्ड शिरायचं नाही, हात कुठला!" स्कॅनवाले दादा हसले. मग थांबले. "पण पोरगी हलली नाही हो. पहिल्यांदाच. झोपेचं औषध न देता."

बहिणीनं चित्रातली बोटं पुसली. पुन्हा मोजलं.

दुप्पटच. आता अंगठाही होता.

मूळ चित्रं नव्यानं मागवली.

त्यांत... अख्खा पंजा.

चार वाजत आले. चहा गार, डोकं गरम. तेवढ्यात संगणकाच्या पंख्याची घरघर थांबली.

पडदा मात्र चालूच.

ती खेकसली, "बाई गं, कोण असशील ती अस! तुझ्या मायेपायी पोरीचं औषध बंद होईल. काढ तो हात! नीघ इथून!"

तिच्याच कपाळावरून काहीतरी गार सरकलं...

पंखा घरघरला.

तिनं शेवटचं मोजलं. हात नव्हता. मूळ चित्रांतही नव्हता. गाठ मागच्यापेक्षा निम्मी भरली. औषध चालू राहिलं.

इथेच संपलं असतं तर मी सांगत बसले नसते.

पुढच्या स्कॅनला भिंगरीनं आकांत मांडला. पिंजऱ्यात डोकं ठेवेना. बहीण समजवायला गेली. "मागच्या वेळी कशी शहाण्यासारखी पडली होतीस!"

"तेव्हा मावशीनं डोकं धरलं होतं," पोरगी हुंदके देत म्हणाली. "गार हाताच्या."

मग बहिणीकडे टक लावून...

"तू तिला ओरडलीस ना?"

शेवटी झोपेचं औषध द्यावंच लागलं.

तेव्हापासून बहीण प्रत्येक चित्रात आधी कपाळाबाहेरचा काळोख बघते. रिकामाच असतो.

काल मला म्हणाली, "ताई, हाकलली मीच. पण ती गेली कुठे?"