हडळीचं शेवटचं रीळ

कोल्हारच्या जत्रेत काल भलताच घोळ झाला. तंबू टॉकीजमध्ये जुना, काळा-पांढरा, भुताच्या माडीचा सिनेमा ऐन रंगात आला आणि शेवटचं रीळच गायब! हडळ कोण, हे कळायच्या आत दिवे लागले. लोकांनी मालकीण पुष्पावतीबाईंना फैलावर घेतलं.

सकाळी बाईंनी श्रीरामपूरहून मनकर्णाताईंना बोलावलं. चोर हुडकण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. सोबत सहादेव, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात उजेड जरा उशिरा पडायचा.

"कानिफनाथाचंच काम हाय," बाई म्हणाल्या. "रिळांची पेटी पडद्यामागं. तिथनं रीळ आननारा त्यो एकटा. शिनेमा उद्या पुन्याच्या संग्रहालयाला द्यायचा, म्हनून धुसफुसत हुता. आजच हाकलते त्याला."

चाळीस वर्षं मशीन चालवलेला कानिफनाथ मान खाली घालून बसला होता. "म्या न्हाई घेतलं," एवढंच बोलला. सहादेवला त्याची दया आली आणि संशयही आला. नक्की काय वाटतंय, तेच त्याला उमजेना.

"काल पडद्यामागं कोण बसलं होतं?" ताईंनी विचारलं.

"कुनीच न्हाई," बाई म्हणाल्या. "पडद्याम्होरं गडी, पडद्यामागं बाया, ही आमची जुनी रीत. पन भुताचा शिनेमा म्हनून काल एक बाई फिरकली न्हाई."

गेटवरचा बिभीषण साठी उलटलेला. म्हणाला, "तिकिटं फाडली अन् म्होरं गड्यांतच बसलो. हडळ कंदील घेऊन जिना चढली, तवा लई भ्यालो."

"कंदील कुठल्या हातात?"

"डाव्या."

ताई दारावर लावलेले सिनेमातले फोटो बघून आल्या. मागोमाग सहादेवही. जिना, हडळ, उजव्या हातात कंदील.

"म्हाताऱ्याची नजर गेली बिचाऱ्याची," सहादेव हळहळला.

"नजर शाबूत आहे रे. जागा खोटी सांगितली. पडद्यामागून बघितलं की चित्र उलटं दिसतं, उजवा हात डावा होतो. बिभीषण, तू काल पेटीपाशी होतास."

बिभीषणनं टोपी काढून हातात घेतली. "ती हडळ माझी आय हाय, ताई. शेवटच्या रिळात सोंग उतरतं अन् ती हसती. घरात तिचा एक फोटो न्हाई. पुन्याला गेल्यावर मला कुठं दिसनार?" रडत रडत त्यानं आपल्या अंथरुणातून रीळ काढून दिलं.

बाईंनी कानिफनाथापुढं हात जोडले. "चुकलं माझं."

"चाळीस वर्सं तुमचं मीठ खाल्लं, बाई. अन् चोर म्हनायला एक खेळ पुरला."

चोर सापडला, तरी बरं का वाटत नाही, सहादेवला कळेना.

कानिफनाथानं रीळ मशीनवर चढवलं. "कनाती सोडा, अंधार करा. आदी ह्याला ह्याची आय दावतो. मग माझं गाठोडं बांधतो."