जनकाबाईनं कापलेलं जाळं

उकंडराव बाजारातून पक्क्या सुताचं रीळ घेऊन आले, ओसरीत बसले आणि जाळं मांडीवर ओढलं. माळकरी माणूस. मासा कधी जिभेला लावला नाही. पण जुने गळ, शिशाचे मणी, बांबूचे सापळे जमवण्याचं वेड मिसरूड फुटल्यापासूनचं. जानेफळात लोक हसत, "उकंडरावाची चूल शाकाहारी अन् भिंत मांसाहारी." हसणाऱ्याला ते उंबरा ओलांडू देत नसत.

हे फेकजाळं सगळ्यांत जुनं. माणिकराव भोई त्यात गुरफटून धरणात बुडाला. तेरावं झाल्यावर त्याच्या बायकोनं, जनकाबाईनं, जाळ्याच्या मधोमध विळ्यानं हातभर भोक पाडलं आणि ते उकिरड्यावर फेकलं. उकंडरावांनी उचललं. वर तिच्या दारात जाऊन खडसावलं.

"अशा कारागिरीले इळा लावतं काय कोनी? अक्कल गहान टाकली का?"

"बुडालेल्याचं जाळं कापाच लागते, भाऊ. नाई त मानूस आतच राह्यते. न्यायचं त न्या. पन भोक बुजवू नका."

"मले शिकवू नको!"

तो राग अजून उतरला नव्हता. दात आवळून त्यांनी एकेक टाका घातला. जुन्या गाठीला तशीच गाठ. भोक कुठं होतं ते शेवटी त्यांनाच सापडेना. मग जाळं आतल्या खोलीत, बायकोच्या खाटेवरच्या खुंट्यांना टांगलं.

दुपारी अन्नपूर्णाबाई आडव्या झाल्या. बाहेर रणरणतं ऊन, आणि खोलीत शेवाळाचा वास. वारा नव्हता. तरी शिशाचे मणी भिंतीवर टकटक वाजत होते.

"अहो... पानी सांडलं का कोनी?"

"झोप मुकाट्यानं."

"गार लागून राह्यलं... अहो... मले वर घ्या..."

उकंडराव चिडूनच उठले आणि जागीच थिजले. बाईंचे ओठ निळे पडले होते. बोटं हवेत काहीतरी फाडत होती. गालांवर जाळीच्या चौकटी उमटत होत्या.

जनकाबाई इळा घेऊन धापा टाकत दारात आली. ओसरीत जाळं शिवताना पाहिलेल्या शेजारणीनं तिला सांगितलं होतं.

"बुजवलं ना? कापा आता! ज्यानं बुजवलं त्यानंच कापा लागते!"

"माह्याच घरात मले हुकूम?"

"बाई चालली तुमची... अन् तुम्ही जाळं सांभाळून राह्यले?"

खाटेवरून घुसमटलेला आवाज आला. मग तोही थांबला.

उकंडरावांनी तिच्या हातचा इळा हिसकावला आणि शिव्या घालत जाळं उभं फाडलं. त्यांच्या गालावरून काहीतरी गार, ओलं सरकून गेलं. अन्नपूर्णाबाईंनी मोठा श्वास घेतला.

त्यांनी इळा आपटला. "झालं समाधान? ने तुहं भूत उचलून!"

बाई उठून बसल्या. तोंडावरून हात फिरवला. नजर उकंडरावांना ओलांडून दाराकडे गेली.

"जने... जेवली का?"

जनकाबाईचा हात तोंडावर गेला. तिला 'जने' म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"अन्नपूर्णे!" उकंडराव ओरडले. "इकडं पाह्य! मी हाव इथं!"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रस्त्यातल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"हा म्हातारा काऊन वरडून राह्यला?"

जनकाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि खाटेपाशी खाली बसली.

"जेवले," ती हळूच म्हणाली. "तुम्ही...?"