भोपळा पोटाशी

सकाळी चहाआधी गोळी गिळायची, एवढंच काम. वाटाण्याएवढी ती गोळी आतड्यांतून जाता जाता तिथल्या मज्जातंतूंची खबर फोनवर पाठवायची, म्हणून मिरजेत सगळे तिला 'पोस्टमन' म्हणत. सतारी बनवणाऱ्या दस्तगीरभाईंनी ती मुलीच्या, शिरीनच्या, हट्टाखातर गिळली आणि नको ती खबर आली.

"कंपवाताची सुरुवात आहे," डॉक्टर खाडिलकर म्हणाले. "पण अजून पोटातच. तिथं एक प्रथिन चुकीचं दुमडून साठतंय. पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या नसेनं ते वर चढायच्या आत आपण ती नस कापून वाट बंद करू."

"मग हात थरथरणार नाहीत?"

"बहुधा नाहीत. फक्त पोटाची जाणीव जाईल. जेवायचं ते घड्याळ बघून."

दस्तगीरभाईंना अब्बा आठवले. अब्बांचा रोजचा इसबगोल, आणि तरी तासभर संडासात मुक्काम. बाहेर भावंडांची रांग. "अब्बा आत सतार जुळवतायत," असं म्हणून सगळे फिदीफिदी हसायचे. काय मजेचे दिवस होते ते! पंधरा वर्षांनी अब्बांच्या हातातली कानस थरथरायला लागली. दुखणं इतकी वर्षं पोटातून सांगत होतं आणि आपण हसत होतो, या विचारानं त्यांना आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण अब्बांची विद्याही पोटातच होती. जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर मोकळा करताना, ते सतारीचा भोपळा पोटाशी घट्ट धरायचे. "कान फसतो रे. पोटात गुदगुली झाली की थांबायचं." दस्तगीरभाई चाळीस वर्षं तिथंच थांबत आले होते. ती गुदगुलीच गेली, तर शाबूत हातांनी घासायचं कुठवर?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी त्यांनी शिरीनला गादीवर बसवलं, भोपळा तिच्या पोटाशी टेकवला आणि कानस स्वतः धरली. थोडं घासायचं, तार छेडायची.

"आता?"

"काही नाही, अब्बा."

पुन्हा घासलं. "आता?"

शिरीननं डोळे मिटले. "थांबा. आत काहीतरी हललं."

त्यांनी सतार आपल्या पोटाशी घेऊन तार छेडली. अगदी तिथंच होती ती गुदगुली. त्यांचे डोळे भरून आले.

"उद्यापासून हात माझे, पोट तुझं," ते म्हणाले. "बाप आहे म्हणून भीड न धरता 'थांबा' म्हणशील ना, पोरी?"