एलुनेड जिथे बसली

तुम्ही विश्वास ठेवाच, असा माझा हट्ट नाही. पण हे घडलं तेव्हा मी तिथे होते. हातात रंगाचा ब्रश घेऊन.

वेल्सच्या डोंगरातलं आमचं गाव, ब्रिनदी. नोव्हेंबरमधला रविवार. संध्याकाळ लवकर झाली होती.

माझा धाकटा भाऊ गेथिन आणि त्याची बायको एलुनेड यांनी गावातलं बंद पडलेलं चर्च विकत घेतलं होतं. राहण्यासाठी. होतं ते घर विकून. एलुनेडला सातवा महिना होता. नाताळच्या आत राहायला जायचं होतं.

आईला हे मुळीच पटलं नव्हतं.

"अरे, माझ्या बापाला तिथूनच पुरायला नेलं. आणि तू तिथे कांदे परतणार?"

"वासाने आजोबा येतील की जेवायला!"

आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण हसली नाही.

बाकं आधीच काढून टाकली होती. आत नुसती उघडी जमीन. बोललं की आवाज छताला लागून परत यायचा. गेथिनला त्याची भारी गंमत.

"हेलेद, चहाऽऽ!" तो मला हाक मारायचा. मागोमाग छतही चहा मागायचं.

त्या संध्याकाळी मी खिडकीची चौकट रंगवत होते. गेथिन शिडीवर. एलुनेड मधोमध झाडत होती.

"हेलेद, चहाऽऽ!"

आवाज परत आला नाही.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याने पुन्हा हाक मारली. हाक तोंडातून निघाली आणि... तिथेच विरली. गोधडीत तोंड घालून बोलावं तशी.

मला हे ओळखीचं होतं. लहानपणी दर रविवारी इथे असंच व्हायचं. माणसं दाटीवाटीने बसली, अंगावर लोकरीचे कोट असले, की आवाज घुमत नाही.

पण आत आम्ही तिघंच होतो.

"थंडीने होतं असं," गेथिन म्हणाला.

शिडीवरून मात्र उतरला.

मग डावीकडे कोणीतरी खोकलं...

दबकं. प्रार्थना चालू असताना खोकतात तसं.

मग लाकूड करकरलं. एकदम, सगळीकडून. खूप माणसं एकाच वेळी बसावीत तसं...

कसलं लाकूड? बाकं तर कधीच गेली होती!

"एलुनेड, बाहेर चल," मी म्हणाले.

मी वळले.

एलुनेड बसली होती.

जमिनीवर नाही. बाकाच्या उंचीवर. पाय टेकलेले, पाठ ताठ, हात पोटावर. आणि तिच्या खाली... काहीच नव्हतं. मागे पडलेला झाडू मला तिच्या खालून दिसत होता.

तिचा चेहरा उजवीकडे वळला होता. शेजारच्या बाईचं ऐकावं तसा.

ती हसली. हळूच म्हणाली,

"जानेवारीत."

गेथिनने धावत जाऊन तिला ओढलं. ती त्याच्या अंगावर कोसळली, दोघंही जमिनीवर आपटले. तो आवाज छतापर्यंत गेला...

आणि परत आला.

गाडीत ती रडत होती. आम्हाला वाटलं, घाबरली.

"ओढलंस कशाला?" ती गेथिनला म्हणाली. "त्यांनी सरकून मला जागा दिली होती रे."

"कोणी?"

"सगळ्यांनी."

बाळ जानेवारीत झालं. मुलगी. दोघी सुखरूप. पण त्या चर्चमध्ये ते राहायला गेलेच नाहीत. आईकडे राहतात, वरच्या खोलीत. चर्चला गिऱ्हाईक मिळत नाही. गेथिन त्या रस्त्यानेही जात नाही.

एलुनेड जाते.

रविवारी संध्याकाळी, बाळाला घेऊन. 'जरा फिरून येते' म्हणते. गेथिन काही विचारत नाही.

एकदा मी तिला दारातच अडवलं.

"अगं, लेकरू तरी घरी ठेव."

"तिचीच तर वाट बघतात," ती शांतपणे म्हणाली. मग जाता जाता थांबली. "तूही ये ना, हेलेद. परवा कोणीतरी तुझी चौकशी करत होतं."

मी नाही म्हणाले.

पण कोण चौकशी करत होतं, हे तिला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही... आणि हल्ली रविवार कलायला लागला, की मला घरात बसवत नाही.